संसद सर्वोच्च म्हणणाऱ्यांना थोडं सविस्तर उत्तर

माणगंगाकाठ (आटपाडी)

हळदपेठ यांनी परवा लिहिलं: 'लोकांनी निवडून दिलेली संसदच सर्वोच्च आहे. कुणीही न निवडलेल्या न्यायाधीशांनी तिचे कायदे फिरवणं हा मतदाराचा अपमान आहे. सुप्रीम कोर्टानं २० नोव्हेंबर २०२५ ला राष्ट्रपतींना दिलेल्या मतानं कोर्टाला त्याची जागा कळली.' त्याखाली धडाधड अंगठे पडले. एरवी सोडून दिलं असतं, पण आमच्या घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरानंही अंगठा दिलाय, म्हणून लिहायला बसलोय.

संसद सर्वोच्च असते ती इंग्लंडात. आपल्याकडं २४५ वं कलम संसदेला कायदे करायचा अधिकार देतं, ते 'या संविधानाच्या तरतुदींच्या अधीन राहून' अशी अट घालूनच. मूलभूत हक्कांच्या आड येणारा कायदा तेवढ्यापुरता शून्य, हे १३ व्या कलमात आहे. ही कलमं न्यायाधीशांनी घुसडलेली नाहीत, घटना समितीनं लिहिलीत. पंतप्रधान संसदेला बांधलेला, संसद घटनेला बांधलेली, आणि कोर्टही घटनेलाच बांधलेलं. यात सर्वोच्च खुर्ची कुणालाच दिलेली नाही.

आता इतिहास काढा. जून १९७५ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. ऑगस्टमध्ये संसदेनं ३९ वी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेरच नेली, तीही मागच्या प्रकरणाला लागू होईल अशी. विरोधी पक्षाचे कितीतरी खासदार तेव्हा तुरुंगात होते. नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं ते कलम उडवलं. कशाच्या जोरावर? १९७३ च्या केशवानंद भारती निकालाच्या. तेरा न्यायाधीश, सात विरुद्ध सहा. संसद घटना बदलू शकते, पण तिचा मूळ गाभा मोडू शकत नाही. एक मत इकडचं तिकडं गेलं असतं तर त्या ऑगस्टच्या दुरुस्तीला अडवणारं कुणी उरलं नसतं.

आणि २० नोव्हेंबरच्या मताबद्दल गुलाल उधळणाऱ्यांनी ते कशाबद्दल होतं ते तरी बघावं. प्रश्न होता राज्यपालांनी विधेयकं अडवून ठेवण्याचा. राज्यपालांना आणि राष्ट्रपतींना कोर्ट मुदत घालून देऊ शकत नाही, सही नसताना मंजुरी मिळाली असं धरू शकत नाही, असं पाच जणांच्या खंडपीठानं सांगितलं. कारण न देता बेमुदत बसून राहिले तर मर्यादित दखल घेता येईल, हेही सांगितलं. म्हणजे यात मागं सरली ती निवडून आलेली विधानसभा, आणि पुढं आला तो दिल्लीनं नेमलेला माणूस. आपल्याकडं २०२० च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळानं विधान परिषदेसाठी बारा नावं पाठवली होती. राज्यपालांनी ना हो म्हटलं ना नाही. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि यादीच मागं घेतली गेली. हा मतदाराचा अपमान तुम्हाला दिसला नाही का?

हळदपेठ (सांगली)

लांबलचक लिहिलं की खरं होत नाही. मी साधा प्रश्न विचारतो, त्याला उत्तर द्या. न्यायाधीश कोण नेमतं? न्यायाधीशच. २०१४ मध्ये दोन्ही सभागृहांनी जवळजवळ एकमतानं ९९ वी घटनादुरुस्ती केली, निम्म्याहून जास्त राज्यांनी तिला मान्यता दिली. न्यायिक नियुक्ती आयोग त्यातूनच आला. ऑक्टोबर २०१५ मध्ये चार विरुद्ध एक मतानं कोर्टानं तो रद्द केला. स्वतःच्या नेमणुकीचा खटला स्वतःच चालवला आणि स्वतःच्या बाजूनं निकाल दिला. गावच्या सोसायटीच्या चेअरमननं असं केलं असतं तर तुम्हीच आधी ओरडला असता.

आणीबाणीचं सांगताय तर पूर्ण सांगा. १९७६ मध्ये जबलपूरच्या खटल्यात माणसाला विनाचौकशी डांबलं तरी दाद मागता येणार नाही, असं याच कोर्टानं चार विरुद्ध एक मतानं म्हटलं. एकटे न्या. खन्ना विरोधात उभे राहिले आणि त्यांचं हक्काचं सरन्यायाधीशपद हुकलं. मग वाचवलं कुणी? १९७७ च्या मतदारानं. आणीबाणीतही जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचं २१ वं कलम बंद करता येणार नाही, ही तरतूद ४४ व्या दुरुस्तीनं १९७८ मध्ये संसदेनं केली. कोर्टानं नव्हे.

आमच्या चुलत्यांचा वाटपाचा दावा दिवाणी कोर्टात पडून होता. चुलते गेले, त्यांचे वारस लागले, वारसांतला एक गेला. निकाल लागला तेव्हा भांडायला समोर कुणी उरलं नव्हतं. त्या न्यायाधीशाला कुठल्या मतपेटीतून जाब विचारायचा?

माणगंगाकाठ (आटपाडी)

जबलपूरचा मुद्दा बरोबर आहे, तिथं कोर्टानं मान टाकली. न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायच्या कॉलेजियमचं बंद दार मलाही पटत नाही. पण त्यातून 'संसद सर्वोच्च' कसं निघतं? एक शाखा घसरली तेव्हा दुसरीनं सावरलं, हेच तर तुम्ही सांगताय. माझं म्हणणं वेगळं काय होतं?

कऱ्हाडचा वकील

दोघंही कोर्ट विरुद्ध संसद करत बसलाय. खरी कीड तिसरीकडंच आहे. संसद आणि विधानसभा आता स्वतंत्र शाखा उरलीय का? घटना म्हणते मंत्रिमंडळ सभागृहाला जबाबदार. चालतं उलटं. सभागृहच मंत्रिमंडळाला जबाबदार झालंय. पक्षानं व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, काढला की आमदारानं हात वर करायचा, नाहीतर आमदारकी जाते. १९८५ च्या ५२ व्या दुरुस्तीनं, म्हणजे पक्षांतरबंदीनं, हे आलं.

आमच्या कऱ्हाडच्या यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली पक्षांतरावर समिती होती, १९६९ मध्ये तिचा अहवाल आला. मंत्रिमंडळाचा आकार मर्यादित ठेवा, पक्ष सोडून येणाऱ्याला लगेच मंत्रिपद देऊ नका, असा तिचा रोख होता. म्हणजे आमिष तोडा. आपण काय केलं? आधी आमदाराचं तोंड बांधलं. आमिषाला हात लावायला २००३ ची ९१ वी दुरुस्ती यावी लागली, तेव्हा कुठं मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आली. मधली चौतीस वर्षं गेली.

आणि अपात्रतेचा निवाडा कुणाकडं? अध्यक्षाकडं, जो सत्ताधारी पक्षाच्याच तिकिटावर निवडून आलेला असतो. शिवसेनेच्या फुटीवरच्या ११ मे २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं राज्यपालांनी बहुमत चाचणी लावणं चुकीचं ठरवलं, ठाकरेंनी आधीच राजीनामा दिल्यामुळं त्यांना परत बसवता येत नाही म्हटलं, आणि अपात्रता अध्यक्षांकडं पाठवली. अध्यक्षांचा निकाल आला १० जानेवारी २०२४ ला. बंडाला दीड वर्ष उलटून गेलं होतं. हे काम स्वतंत्र न्यायाधिकरणाकडं द्या, असं कोर्टानं २०२० मध्येच सुचवलं होतं. संसदेनं त्यावर काय केलं ते हळदपेठांनी सांगावं.

बांधावरचा (खानापूर)

वकीलसाहेब, दिल्ली-मुंबई राहू द्या बाजूला. सत्ता वेगळ्या केल्यात म्हणे. आमच्या तालुक्यात कुठं केल्यात? भावकीनं माझ्या शेताचा वहिवाटीचा रस्ता नांगरला. ऊस तोडून पडला, गाडी आत येईना. मामलेदार कोर्टाच्या कायद्याखाली दावा टाकला. तो चालवणारा कोण? तहसीलदार. तारखेला गेलं की साहेब निवडणुकीच्या कामात, नाहीतर दौऱ्यावर. शेवटी निकाल माझ्या बाजूनं लागला. अंमल करायचा कुणी? त्यांनीच. बंदोबस्त मिळेना. मग कुणातरी पुढाऱ्याचा फोन गेला आणि सगळं गार पडलं. ऊस वाळला माझा. निवाडा देणारा, अंमल करणारा आणि फोन घेणारा एकच माणूस असेल तर तुमच्या त्या घटनेच्या तीन खांबांचं मी काय करू?

निवृत्त नायब तहसीलदार (कोरेगाव)

फोन आला की महसूलवाला झुकतो, हे सरसकट बोलणं मला मान्य नाही. एका तहसीलदारावर टंचाई, रेशन, गौण खनिज, दाखले, निवडणूक, मोर्चा, सगळं असतं. १९०६ चा मामलेदार कोर्टाचा कायदा मुळात झटपट दादीसाठी आहे. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा, जागेवर जाऊन पंचनामा, थोडक्यात चौकशी, अडथळा काढायचा हुकूम. तुमचा रस्ता दिवाणी कोर्टात नेला असता तर हळदपेठांच्या चुलत्यांसारखं झालं असतं. मी स्वतः उन्हात बांधावर उभा राहून रस्ते उघडून दिलेत, दोन्हीकडच्या शिव्या खाऊन.

बांधावरचा (खानापूर)

तुम्ही दिले असतील, मला नाही मिळाला. कामाचा बोजा आहे म्हणून माझा ऊस वाळवायचा? बोजा असेल तर न्यायाचं काम सोडा ना तुम्ही लोकांनी. धरून कशाला बसलाय?

नागरिकशास्त्राची बाई (वाई)

बांधावरचे दादा नेमक्या जागी बोट ठेवतायत आणि त्यांना कुणी ५० वं कलम सांगत नाहीये. राज्याच्या सेवांमध्ये न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करण्यासाठी राज्यानं पावलं उचलावीत, असं ते स्पष्ट म्हणतं. फक्त ते मार्गदर्शक तत्त्वांत आहे, त्यामुळं त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. फौजदारीत हे काम झालं. १९७३ ची दंडप्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली आणि न्यायदंडाधिकारी हायकोर्टाच्या हाताखाली गेले, तहसीलदार नुसते कार्यकारी दंडाधिकारी राहिले. महसुलात मात्र तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी अशी चढती उतरंड आहे आणि फेरतपासणी थेट महसूल मंत्र्यापर्यंत जाते. मंत्री जमिनीच्या भांडणाचा निवाडा देतो, हे मी वर्गात सांगितलं की मुलांना खोटं वाटतं.

पण हे शिकवायचं कधी? आमचा विषय इतिहासाच्या शेपटाला बांधलाय. तासाला शिक्षक नसला की पहिला बळी नागरिकशास्त्राचा. आणि मग मोठी माणसं 'सर्वोच्च कोण' म्हणून एकमेकांची डोकी फोडतात.

कुंडलकर

बाई, आमच्या भागात हे सगळं नव्हतं तेव्हा न्याय चांगला मिळायचा. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारात गावातच न्यायमंडळ बसायचं. आजोबा सांगायचे, सावकारानं लाटलेली जमीन एका बैठकीत परत मिळालेली त्यांनी बघितली. वकील नाही, तारीख नाही.

नागरिकशास्त्राची बाई (वाई)

प्रतिसरकारबद्दल मला आदर आहे, ते इंग्रज राजवटीविरुद्धचं बंड होतं आणि लोकांचा त्यावर विश्वास होता. पण पकडणारे, निवाडा देणारे आणि शिक्षा म्हणून पत्री मारणारे एकाच संघटनेतले होते. निवाडा चुकला तर अपील कुठं करायचं? लढ्यात ते चालतं. रोजचं राज्य त्यावर चालवता येत नाही.

कुंडलकर

ज्यांनी जीव धोक्यात घातला त्यांच्यावर आज वाईत बसून बोट दाखवू नका.

माणगंगाकाठ (आटपाडी)

कुंडलकर, बाईंनी कुणाचा अपमान केलेला नाही. गावातल्या न्यायाचंच बोलायचं तर आमची आटपाडी औंध संस्थानात होती. १९३९ मध्ये राजानं स्वतःची सत्ता सोडून बहात्तर गावांना स्वराज्याची घटना दिली, गांधीजींच्या सल्ल्यानं. गावपंचायतीला न्यायाचं काम होतं, पण ती निवडलेली होती आणि वर अपिलाची सोय होती. झटपट न्याय आणि वर दाद, दोन्ही एकत्र बसवता येतात.

शिरवळकर

न्याय दारात आणायचं चाललंय म्हणून सांगतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं, सातारा जिल्हा त्यात घातला. सांगलीवाल्यांचं भलं झालं, तासाभरात पोचतात. आम्हाला कोल्हापूर आणि मुंबई जवळपास सारखंच लांब. पुणं उशाला आहे, तिथं का नाही?

कऱ्हाडचा वकील

कोल्हापूरसाठी सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी वर्षानुवर्षं कामबंद आंदोलनं केली, तेव्हा शिरवळ कुठं होतं? १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याच्या ५१(३) कलमाखाली बेंच कुठं बसायचं ते मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेनं ठरवतात, तुमच्या-आमच्या अंतरावर नाही. कायम खंडपीठ हवं असेल तर ५१(२) खाली राष्ट्रपतींचा आदेश लागतो. त्यासाठी अजून लढायचंय, त्यात या.

हळदपेठ (सांगली)

एवढं मान्य करतो की राज्यपालांच्या बाबतीत मी घाईनं टाळ्या वाजवल्या. सरकार उद्या दुसऱ्याचं असलं तर हीच अडवणूक आपल्यावर येणार आहे. पण न्यायाधीशांच्या नेमणुकीत मतदाराचा काही आवाज पाहिजे, यावरून मी हटणार नाही. आणि जिल्हा परिषदेवर २०२२ पासून प्रशासक बसवून ठेवले, २४३ई कलम सरळ सांगतं की मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे, तरी वर्षांमागून वर्षं गेली. ओबीसी आरक्षणाचं प्रकरण कोर्टात, सरकार गप्प, निवडणूक आयोग वाट बघत राहिला. निवडणुका घ्या असा आदेश आला तो मे २०२५ मध्ये. यात कोर्टाचा वाटा नाही म्हणू नका.

माणगंगाकाठ (आटपाडी)

वाटा आहे. सरकारचा त्याहून मोठा आहे, कारण प्रशासक त्याच्या हाताखालचा असतो आणि सभागृह नसलं की प्रश्न विचारायलाही कुणी नसतं.

कऱ्हाडचा वकील

बांधावरचे, तुमच्याकडं या. मामलेदार कोर्टाच्या हुकुमावर अपील नसतं, कलम २३ खाली फेरतपासणी असते. समोरच्यानं ती केली आहे का आणि तिथून लेखी स्थगिती आहे का, हे आधी नक्कल काढून बघा. लेखी स्थगिती नसेल तर हुकूम जिवंत आहे. नुसत्या फोननं तो मरत नाही. अंमलबजावणीचा अर्ज परत द्या, पोच घ्या. तरी हलले नाहीत तर घटनेच्या २२६ कलमाखाली हायकोर्टात रिट करता येईल, आणि तुमच्यासाठी आता ते कोल्हापूरलाच आहे.

निवृत्त नायब तहसीलदार (कोरेगाव)

अर्जासोबत मूळ पंचनाम्याची आणि नकाशाची प्रत जोडा. ती नसली की फाइल परत फिरते. आणि पोलीस बंदोबस्ताची मागणी त्याच अर्जात लिहा, वेगळी ठेवू नका.

बांधावरचा (खानापूर)

स्थगिती तोंडीच आहे, कागद मी बघितलेला नाही. सोमवारी नकलेचा अर्ज टाकतो. पण साहेब, पोच मागितली की तिथं कपाळाला आठ्या पडतात, त्याचंही कलम असेल तर सांगा.

निवृत्त नायब तहसीलदार (कोरेगाव)

आवक शाखेत द्या, टेबलावर देऊ नका. तिथं शिक्का मारावाच लागतो.