नोकरी सोडून स्वतःचं व्हीएमसी (धातूचे पार्ट कापून घडवणारं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) टाकावं का? जॉबवर्क करणाऱ्यांचा सल्ला हवा आहे

मंडळी, नमस्कार.

चाकणला एका कंपनीत व्हीएमसी सेटर-प्रोग्रॅमर आहे, बारा वर्षं झाली. हातात ३८ हजार येतात, शिवाय पीएफ आणि घरच्यांसकट ग्रुप मेडिक्लेम. आईला मधुमेह आहे, त्यामुळे मेडिक्लेम जाणं मला पगार जाण्याइतकंच जड वाटतं.

ओळखीचे एक कारखानदार मागे लागलेत: भोसरीत भाड्याने गाळा घे, जुनं मशीन टाक, मटेरियल आमचं, तासाच्या रेटने मजुरी देतो. कामाची भीती नाही. ड्रॉइंग हातात आलं की फिक्स्चरपासून (पीस पकडायच्या साच्यापासून) पहिला पीस ओके होईपर्यंत आजही मीच करतो. अडतंय पैशांच्या फिरण्यापाशी. भाडं, लाइट बिल, इन्सर्ट (कापायची बदलती पाती), ऑपरेटरचा पगार, बँकेचा हप्ता दर महिन्याला द्यायचे. बिल मात्र तीन-तीन महिने निघत नाही, असं तिथले बरेच जण सांगतात.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर एमएसएमई कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. आयकराच्या ४३बी(एच) कलमाने २०२४-२५ आकारणी वर्षापासून मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत काम देणाऱ्या पार्टीला आपल्या खर्चात धरता येत नाही, हेही ठाऊक आहे. पण ज्याच्या एकट्याच्या कामावर मशीन फिरणार, त्याच्यावर तक्रार कोण करणार? दुसऱ्या दिवसापासून माल यायचा बंद होईल. एकाच पार्टीवर राहिलो तर ती नोकरीच झाली, फक्त पीएफ-ग्रॅच्युइटीशिवाय. म्हणून निदान दोन-तीन पार्ट्या हातात आल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही, असं माझं मत आहे. तुम्ही सुरुवात कशी केलीत? नोकरीत असताना पार्ट्या कशा जोडल्यात?

पीएफ मोडायचा नाही हे घरी ठरलंय. दहा वर्षं पूर्ण झाल्याने ५८ नंतरची पेन्शन शाबूत राहते, तिला हात लावायचा नाही. भांडवलासाठी मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात १५ ते ३५ टक्के अनुदान आहे, पण जुन्या मशीनला बँक तयार होते का? कुणी केलं असेल तर नक्की सांगा.

आणि जुन्या मशीनचा स्पिंडल, बॉलस्क्रू, कंट्रोलर तपासून देणारा भरवशाचा माणूस भोसरी-तळवडे भागात माहीत असेल तर कृपया व्यनि (खाजगी निरोप) करा. जुनं मशीन विकणाऱ्याला महिनाअखेर उत्तर द्यायचंय.