मदत हवी आहे: पिसाळलेली म्हैस मेली, दूध अकरा घरांत गेलंय

रानवाट:
वस्तीवरची एक दुभती म्हैस आज पहाटे मेली. पंचवीसेक दिवसांपूर्वी मोकाट कुत्रं तिच्या नाकपुडीला चावलं होतं. जखमेवर हळद दाबली, लस दिली नाही. तीन दिवसांपासून चारा-पाणी बंद, तोंडातून लाळेच्या तारा, आवाज बसलेला तरी सारखी रेकत होती. घशात काही अडकलंय असं समजून मालकाने दोनदा तोंडात कोपरापर्यंत हात घातला. परवापर्यंतचं दूध अकरा घरांत गेलं. बहुतेकांनी तापवून घेतलं, दोन पोरांनी धारोष्ण प्यायलं. आता अख्खी वस्ती लसीला निघालीय आणि मालक म्हणतो, "मला कुठं चावलीय?" लस नक्की कुणी घ्यायची? रेडकू आहे, त्याचं काय?

गोठाघर:
चित्र रेबीजचंच दिसतंय. गुरांच्या घटसर्पातही लाळ गळते, पण त्यात सणसणून ताप असतो आणि गळा सुजतो. इथे गिळण्याचे स्नायू लुळे पडतात. लाळ गिळता येत नाही म्हणून बाहेर गळते. लोकांना वाटतं घशात काहीतरी अडकलं, आणि हात आत जातो. म्हशीच्या रेबीजमध्ये माणसाला खरा धोका इथेच असतो. दुधाचा गवगवा होतो, लाळेकडे कुणी बघत नाही.

कातडं काढू देऊ नका, डोकं स्वतः कापू नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला आत्ता कळवा. मेंदूचा नमुना तेच घेतील आणि बर्फात पाठवतील. बाकीचं धड खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्री उकरणार नाहीत इतकं खोल. पण अहवालाची वाट बघत माणसांची लस थांबवायची नाही.

सुईदोरा:
अकरा घरांना रांगेत उभं करू नका.

दूध उकळून प्यायलेल्यांना लस लागत नाही. चहा, खवा, उकळलेल्या दुधाचं दही-ताक, सगळं त्यातच आलं. या विषाणूवर चरबीचं पातळ आवरण असतं, ते उष्णतेने आणि साबणानेही फाटतं. धारोष्ण प्यायलेल्या पोरांचं वेगळं. दुधातून माणसाला रेबीज झाल्याचं सिद्ध उदाहरण नाही, पण कच्च्या दुधात विषाणू उतरू शकतो. तोंड आलेलं असेल, हिरडी सोललेली असेल, नुकताच दात पडला असेल तर डॉक्टर लस देतात. पोरांना दाखवून घ्या.

मालकाला मात्र आजच न्या. चावली नाही हे खरं, पण शेतकऱ्याच्या हाताला भेगा, काटे टोचल्याच्या खुणा, नखांजवळ सोललेली कातडी असतेच. शिवाय म्हशीच्या दातांनी खरचटलं असेल. फुटलेल्या कातडीला लाळ लागली की ती तिसरी, सगळ्यात धोक्याची श्रेणी, म्हणजे लस अधिक सीरम (जखमेत टोचायचं औषध). तोंडात हात घातलेल्या, बाटलीने औषध पाजलेल्या आणि लाळ डोळ्यात उडालेल्या प्रत्येकाला विचारा. अखंड कातडीवर नुसती लाळ लागली असेल तर धुणं पुरे, पण ती अखंड आहे हे भिंगाखाली बघावं इतक्या बारकाईने बघा.

निघण्याआधी वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं हात धुवायचे. घड्याळ लावून. दोन दिवस उलटले असले तरी धुवायचे. चुना, तिखट, हळद काही नको.

रानवाट:
आरोग्य केंद्रात लस आहे, सीरम नाही म्हणाले. नुसत्या लसीवर भागेल का?

सुईदोरा:
नाही. लसीवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं (विषाणूला निकामी करणारी प्रथिनं) तयार व्हायला साधारण 7 ते 14 दिवस लागतात. विषाणू रक्तात फिरत नाही. तो जखमेजवळच्या स्नायूत थांबतो, मग मज्जातंतूत शिरतो. एकदा मज्जातंतूत गेला की प्रतिपिंडांच्या हाती फारसा लागत नाही. सीरम म्हणजे उसनी, तयार प्रतिपिंडं. ती जखमेत भरून मधले दिवस निभवायचे असतात.

म्हणून लसीचा पहिला डोस इथेच घ्या आणि सीरमसाठी ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालय गाठा. आधी फोन करून साठा विचारा. पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत सीरम देता येतं. त्यानंतर देत नाहीत, कारण तोवर स्वतःची प्रतिपिंडं उतरू लागलेली असतात. घोड्याचं सीरम किलोमागे 40 युनिट. 60 किलोच्या माणसाला 2400 युनिट, म्हणजे मिलीला 300 युनिटच्या बाटलीतून 8 मिली. ही कमाल मर्यादा. बोटाच्या भेगेत 8 मिली मावत नाही, बळेच भरलं तर बोटाचा रक्तपुरवठा अडतो. प्रत्येक जखमेत मावेल तेवढंच. माणसाचं सीरम मिळालं तर किलोमागे 20 युनिट.

रानवाट:
मालक तयार झाले, पण घरची म्हातारी "पोटात चौदा सुया टोचतात" म्हणून अडवतेय.

सुईदोरा:
ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस. 2005 पर्यंत ती भारतातून बंद झाली. आता कातडीत द्यायची असेल तर दोन्ही दंडांवर प्रत्येकी 0.1 मिली, 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. स्नायूत देत असतील तर 0, 3, 7, 14, 28. लहान पोरांना मांडीत. कुल्ल्यावर कुणी देऊ लागलं तर थांबवा, तिथे चरबीत लस नीट काम करत नाही. एखादा डोस चुकला तर पहिल्यापासून सुरू करायचं नाही, राहिलेला लगेच घेऊन पुढचं चालू ठेवायचं. गरोदर बाईलाही चालते. आणि "दहा दिवस वाट बघू" हा नियम कुत्र्या-मांजराचा आहे, म्हशीला लावू नका. इथे तर जनावर मेलंच आहे.

गोठाघर:
रेडकाला आईने चाटलंय, तेव्हा त्याला दावणीवरून वेगळं बांधा आणि आजपासून 0, 3, 7, 14, 28 असे पाच डोस द्या. त्याच्या तोंडात कुणी बोट घालायचं नाही, दूध भांड्यातून पाजा. म्हशीची दावण, टोपलं, पाण्याची बादली साबणाच्या कढत पाण्याने धुवून उन्हात ठेवा. त्याच कुत्र्याने अजून कोणतं जनावर धरलंय का, तेही आजच शोधा. कुत्रं चावलेल्या जनावराला लक्षणं दिसायच्या आधी लस दिली तर ते वाचू शकतं, नंतर नाही.

रानवाट:
मालक आणि हात घातलेला त्यांचा पुतण्या, दोघांना घेऊन निघालो. कुत्र्याने शेजारच्या दावणीतली एक शेळीही धरली होती, आत्ता कळलं.