ओबीएसमध्ये तीन आवाज तीन ट्रॅकवर कसे घ्यायचे? मदत हवी आहे

मंडळी, जरा अडलोय. दर रविवारी गाण्याचा ऑनलाइन क्लास असतो, तो रियाजासाठी ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करतो. ताईंचा आवाज, तानपुरा आणि माझा माईक हे तिन्ही वेगवेगळे हवेत, म्हणजे नंतर माझं बेसूर गाणं म्यूट करून फक्त ताईंच्या जागा ऐकता येतील (घरच्यांचीही तीच मागणी आहे 😀).

विंडोज 11 आहे, ओबीएस 30. आधी डेस्कटॉप ऑडिओ चालू होता तर सगळी खिचडी एकाच ट्रॅकवर. मग तो बंद करून ॲप्लिकेशन ऑडिओ कॅप्चरचे (एकाच ॲपचा आवाज पकडणारे) दोन सोर्स टाकले, ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये ताई ट्रॅक 2, तानपुरा 3, माईक 4 आणि ट्रॅक 1 वर सगळं एकत्र असं टिक केलं, आउटपुटमध्ये जाऊन रेकॉर्डिंगला चारही ट्रॅक लावले, फाईल एमकेव्ही. माईक एकदम झकास वेगळा आला. पण कॉल आणि तानपुरा एकाच ब्राउझरच्या दोन टॅबमध्ये असतात आणि तो सोर्स टॅब नाही, अख्खा ब्राउझरच पकडतो, त्यामुळे 2 आणि 3 वर तेच ते, ताईंनी नुसता सा लावला तरी मागे तानपुरा आहेच.

तर तानपुरा दुसऱ्या ब्राउझरमध्ये लावला की सुटेल का हे, की व्हर्च्युअल केबलच (एका ॲपचा आवाज दुसऱ्यात नेणारं सॉफ्टवेअर) टाकावी लागेल? आणि केबल टाकली तर मला हेडफोनमध्ये ऐकू कसं येणार? नवीन साउंडकार्ड घे सोडून काहीही सांगा, फक्त रविवारच्या आत.