'कनेक्टिव्हिटी'ला मराठीत जोडणी म्हणावे की मेळ?

प्रश्न:
बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी मेंदूविषयी लेखमाला लिहीत आहे. डोक्याला छेद न देता मेंदूचे काम नोंदवतात आणि त्या नोंदींवरून मेंदूतील जाळ्यांचा अभ्यास करतात, त्या भागाशी येऊन लेखणी अडली आहे. 'नॉन-इन्व्हेजिव्ह'साठी मी 'अनाक्रमक' आणि 'फंक्शनल कनेक्टिव्हिटी'साठी 'कार्यात्मक जोडणी' असे लिहिले, परंतु दोन्ही शब्दांतून मुलांना काही उमजेल असे वाटत नाही. पर्याय सुचवावेत.

उत्तर:
'अनाक्रमक' नको, हे पटते. आक्रमकपणा मराठीत स्वभावात असतो, खेळात असतो. तपासणीला तो शब्द लावला की वाचक गोंधळतो. मी स्वतः काही दिवस 'अवेधी' लिहीत असे. मात्र कर्णवेधातला वेध टोचण्याचा आणि वेधशाळेतला वेध निरीक्षणाचा. इथे तर न टोचता वेध घ्यायचा असल्यामुळे 'अवेधी' नेमका उलटा अर्थ देऊ लागतो. 'बिनछेदी' हा शब्द साधा आहे, उच्चारायला सोपा आहे, आणि तपासणीचे नाव पुन्हा पुन्हा येत असेल तेव्हा तो पुरेसा आहे.

एका नातेवाइकाचा ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख, काढताना मी शेजारी बसलो होतो. तंत्रज्ञ बाईंनी नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेपने अंतर मोजले, पेन्सिलीने खुणा केल्या आणि प्रत्येक खुणेवर पेस्ट लावून इलेक्ट्रोड बसवले. "आता डोळे मिटा," असे त्या म्हणताच पडद्यावरील डोक्याच्या मागच्या भागाच्या रेषा सेकंदाला सुमारे दहा अशा सावकाश लाटांनी हलू लागल्या. मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी जर्मनीतील येना येथे 1924 मध्ये माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद केली आणि 1929 मध्ये ती प्रसिद्ध केली. याच लाटांना त्यांनी अल्फा हे नाव दिले. 'ईईजी काढणे' हा प्रयोग लोकांच्या तोंडी रुळला आहे, त्याला हात लावू नये.

खरी अडचण 'जोडणी'ची आहे. जोडणी म्हटले की नळाची, विजेची, म्हणजे दोन टोकांमध्ये काहीतरी प्रत्यक्ष असलेली वस्तू डोळ्यांपुढे येते. मेंदूतही तशी जोडणी आहे, ती चेतातंतूंची. 'स्ट्रक्चरल', म्हणजे रचनेच्या कनेक्टिव्हिटीसाठी हा शब्द अगदी चपखल आहे. परंतु 'फंक्शनल'बाबत संशोधक भरत बिस्वाल आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये जे दाखवले ते वेगळे होते. एमआरआय स्कॅनरमध्ये स्वस्थ पडून असलेल्या माणसाच्या मेंदूच्या डाव्या आणि उजव्या गोलार्धांतील, हालचालींशी संबंधित भागांचे संकेत हात हलत नसतानाही बरोबरीने चढत-उतरत होते. त्यांना तंतू दिसला नव्हता, चढउतारातील सारखेपणा दिसला होता. त्यासाठी मी 'मेळ' सुचवेन. दोन भागांमध्ये थेट तंतू नसतानाही तिसऱ्या भागामुळे त्यांच्यात मेळ असू शकतो, हे वाक्य मराठीत सहज उभे राहते. 'जोडणी नसताना जोडणी असते' असे मात्र लिहिता येत नाही. एक भाग दुसऱ्यावर परिणाम करतो असे सांगायचे असेल, ज्याला 'इफेक्टिव्ह' म्हणतात, तिथे 'प्रभाव' लिहावे.

ईईजीबाबत आणखी एक इशारा मुलांना द्यायलाच हवा. कवटी आणि त्वचेतून विद्युतप्रवाह पसरतो, त्यामुळे मेंदूतील एकच उगम शेजारच्या अनेक इलेक्ट्रोडांवर उमटतो. एकाच मृदंगाचा आवाज दोन खिडक्यांतून ऐकू आला म्हणून दोन मृदंग मेळात वाजत आहेत असे होत नाही.

आक्षेप:
'मेळ' कानाला गोड लागतो, आणि माझी हरकत तिथेच आहे. मराठीत मेळ बसणे म्हणजे चांगले होणे. अपस्माराच्या झटक्यात चेतापेशींचे मोठे समूह अतिरिक्त एकतालाने पेटतात. त्याला मेळ म्हणायचे का? शिवाय काही जाळ्यांमध्ये एकाचा संकेत चढताना दुसऱ्याचा उतरतो. हे विरुद्ध नातेही मोजलेच जाते. दोन गोष्टी किती एकत्र बदलतात यासाठी संख्याशास्त्रात 'सहसंबंध' हा शब्द वर्षानुवर्षे आहे आणि तो धन असतो तसा ऋणही असतो.

उत्तर:
हा आक्षेप मला मान्य आहे, विशेषतः अपस्माराचा. मोजलेले मूल्य सांगताना 'सहसंबंध'च लिहावा आणि झटक्याविषयी 'एकताल' पुरेसा आहे. धावत्या गद्यात, जिथे आकडा नाही आणि मुलांना पहिल्यांदा कल्पना द्यायची आहे, तिथे 'मेळ' ठेवण्याचा माझा आग्रह मात्र कायम आहे. 'जोडणी' चेतातंतूंसाठी राखून ठेवावी, यावर आपले दोघांचेही एकमत दिसते.

प्रश्नकर्ती:
दोघांचीही आभारी आहे. परिच्छेदाची सुरुवात आता अशी केली आहे: "बिनछेदी नोंदींतून मेंदूची जाळी शोधताना संशोधक आधी दोन भागांच्या संकेतांतील सहसंबंध मोजतात; त्या भागांमध्ये मेळ आहे एवढेच त्यावरून कळते, त्यांच्यात चेतातंतूंची जोडणी आहे की नाही हे वेगळ्या तपासणीने पाहावे लागते."