ट्रान्सक्रिप्शन (रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणं): एजन्सी की फ्रीलान्स?

फूटपेडल (विजयनगर)
काल इथे एका भाऊंनी लिहिलं, "एजन्सीत टायपिंग म्हणजे वेठबिगारी. हेडफोन घ्या, फ्रीलान्स करा, स्वतःचे मालक व्हा." डोकं फिरलं वाचून. कसले मालक? रात्री अकराला क्लायंट पाच जणांच्या मीटिंगचं रेकॉर्डिंग पाठवणार, मधेमधे कुकरच्या शिट्ट्या, आणि फाइल पाहिजे सकाळी नऊला. भाव ऑडिओच्या मिनिटावर. स्वच्छ आवाजाच्या एका तासाला टायपिंगचे चार तास जातात, असल्या गोंगाटाला सात-आठ. करा हिशेब. मी एजन्सीत आहे. फाइल ऐकू येत नसेल तर परत पाठवते, अडलं तर शेजारी विचारते, सात तारखेला पगार होतो. मालकांचं घरभाडं कोण भरतं?

रात्रपाळी
ताई, क्लायंट एजन्सीला किती देतो ते कधी विचारलंत? मी विचारलं, उत्तर आलं "गोपनीय". अमेरिकन डॉक्टरांची डिक्टेशनं मी रात्र रात्र टाइप केली, ६५ अक्षरांची एक ओळ धरून. मग मशीन मसुदा बनवायला लागलं, तर "आता नुसतं एडिटिंग आहे" म्हणून ओळीचा भाव अर्ध्यावर आणला. नुसतं! मशीन फिफ्टीनचं फिफ्टी ऐकतं आणि तो औषधाचा डोस असतो. २०२२ साली आलेलं व्हिस्पर, म्हणजे आवाजावरून मजकूर बनवणारं सॉफ्टवेअर, तर शांततेतसुद्धा कोणी न बोललेली वाक्यं घालतं. ती शोधायला सगळा ऑडिओ ऐकावाच लागतो. एजन्सीने तो वेळ कधी मोजला नाही. आता निदान माझा भाव मी सांगते.

पलासियाकर
बिल अडकायची भीती असेल तर उद्यम नोंदणी करा, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी. २००६ च्या एमएसएमई (लघुउद्योगांच्या) कायद्याने लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर पैसे थांबवता येत नाहीत, व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट.

फूटपेडल
वा! तीन हजारांच्या बिलासाठी क्लायंटला त्या कायद्याच्या तक्रार कौन्सिलसमोर उभा करते. पुढचं काम तुम्ही देणार ना?

कृष्णपुरा_छत्री
विषय निघालाच आहे तर एजन्सीच्या क्वालिटी चेकबद्दल बोलू द्या. इंदूरच्या एका आजींची मुलाखत होती, सूचना होती शब्दन् शब्द उतरवा. आजी म्हणतात "मी सांगून राहिली आहे", मी तेच लिहिलं. पुण्याच्या चेकरने "मी सांगत आहे" केलं आणि वर माझे गुण कापले!

सदाशिवपेठी
स्टाइलशीट नावाची वस्तू असते, सगळ्यांनी एकसारखं लिहायचे नियम. प्रत्येकाने आपल्या गावचं लिहिलं तर उद्या दोनशे मुलाखतींत कोण काय शोधणार?

कृष्णपुरा_छत्री
आपल्या गावचं?? होळकरांच्या काळापासून आमची घरं इथे आहेत. आजी बोलल्या इंदुरी, कागदावर उतरल्या पुणेरी. अभ्यासकाने काय वाचायचं, चेकरची आजी?

सदाशिवपेठी
हिंदीत बुडालेल्या वाक्याला बोली म्हणायचं, मग चर्चाच संपली.

रात्रपाळी
अहो, नियमाचं बोला. शब्दशः मागितलं असेल तर अडखळणंसुद्धा ठेवायचं. साफ प्रत हवी असेल तर क्लायंटने तसं सांगावं. चेकरला बदलायचा अधिकारच नाही.

सदाशिवपेठी
सूचनेत खरंच शब्दशः होतं तर गुण कापायला नको होते. भाषेबद्दलचं मत तेच राहील.

कृष्णपुरा_छत्री
उपकार झाले. गुण परत कोण देणार?

कालचा_भाऊ
मीच तो. वेठबिगारी जास्त झालं, चला. पण फूटपेडल ताई, तुमच्या करारात बाहेरचं काम घ्यायला बंदी आहे की नाही? रविवारीसुद्धा?

फूटपेडल
आहे. रविवारीसुद्धा. आणि ते चूक आहे हे मीही म्हणते. झालं समाधान? आता तुम्ही सांगा, मागच्या उन्हाळ्यात काम नव्हतं तेव्हा काय केलंत?

कालचा_भाऊ
एका एजन्सीच्या फाइली घेतल्या. पण पार्ट टाइम!