टॅटू, पिअर्सिंग आणि मुलाखतीतले गुण: नावड कुठे संपते?

शाईपेन
मुलाखती घेणाऱ्यांना विचारायचंय. उमेदवाराच्या मानेवर टॅटू किंवा भुवईत रिंग आहे आणि ती आपल्याला मनापासून आवडत नाही. आवडनिवड तर प्रत्येकालाच असते. पण ती गुणांमध्ये उतरलीय हे ओळखायचं कसं? उतरू नये म्हणून नेमकं काय करायचं?

कातळ
न आवडणं हा गुन्हा नाही. "मला हे डिझाइन आवडलं नाही" हे आपल्याबद्दलचं वाक्य झालं. "असं गोंदवून घेणारा बेजबाबदारच असणार" हे समोरच्याबद्दलचं, आणि त्याला पुरावा लागतो. पहिल्यावरून दुसऱ्यावर आपण नकळत घसरतो.

उपाय आदल्या दिवशीच करावा लागतो. कामाशी संबंधित पाच-सहा प्रश्न ठरवा. सगळ्यांना तेच, त्याच क्रमाने. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण ठेवा आणि १, ३ व ५ गुणांचं उत्तर कसं असेल ते लिहून ठेवा. उत्तर संपलं की लगेच गुण टाका. मुलाखत घेणाऱ्या सगळ्यांचे गुण कागदावर येईपर्यंत आपसात चर्चा नको. शेवटी एकदम गुण दिले, की उमेदवार आत येताना झालेलं मत सगळ्या उत्तरांवर पसरतं.

शेऱ्यात "प्रोफेशनल वाटत नाही", "टीममध्ये बसणार नाही" असं काही आलं तर स्वतःला विचारा, कुठल्या उत्तरावरून? सांगता आलं नाही तर शेरा खोडा. "मला चालेल हो, ग्राहकांना नाही चालणार" हीसुद्धा बहुतेक वेळा आपलीच नावड असते, ग्राहकाच्या नावावर खपवलेली.

रानवारा
सहमत. पण सुरक्षेची कारणं खरी असतात. फिरत्या यंत्राजवळ रिंग अडकून कातडी फाटू शकते, एमआरआयच्या खोलीत धातू नको. फक्त नियम वस्तूला हवा. लग्नाची अंगठी चालते आणि ओठातली रिंग चालत नाही, तर तो सुरक्षेचा नियम नव्हेच.

बऱ्या झालेल्या टॅटूची शाई वरच्या कातडीच्या खाली असते, त्यामुळे हात धुण्यात काही अडत नाही. ताजा टॅटू मात्र जखमच; वरची कातडी भरायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात, तोवर झाकायला सांगणं रास्त आहे.

"उद्यापासून काढून या" असं सांगण्याआधी हेही बघा: कानाच्या पाळीचं छिद्र बरं व्हायला ६ ते ८ आठवडे लागतात, वरच्या कूर्चेचं ६ महिने ते वर्ष. मध्येच दागिना काढला तर छिद्र बुजू लागतं. रिंगऐवजी चपटा स्टड चालत असेल तर तसं लिहून द्या.

मधलीसुट्टी
आणि टॅटूत एखाद्या समाजाला शिवी असेल तर?

कातळ
तेच वाक्य शर्टावर छापलेलं असतं तर चाललं असतं का? नाही, तर इथेही नाही. तिथे आक्षेप मजकुरावर आहे, शाईवर नाही.

मात्र जे वाचता येत नाही त्याचा अर्थ लावू नका. गळ्याखाली तिळाएवढा निळसर ठिपका असेल, तर तो कर्करोगावरच्या रेडिओथेरपीत किरण दर वेळी त्याच जागी पडावेत म्हणून गोंदलेला असू शकतो. म्हणून मुलाखतीत "हे काय काढलंय?" असं सहजसुद्धा विचारू नका. उत्तर आजारपणाचं निघालं, तर ते ऐकल्यानंतर दिलेल्या गुणांतून वेगळं काढता येत नाही.