सल्ला हवा: सीपीएलचा नेव्हिगेशन पेपर अडकलाय

पंचगंगाकाठ:
नमस्कार. डीजीसीएच्या (विमान वाहतूक नियामक) सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या पेपरांपैकी मेट (हवामानशास्त्र) आणि रेग्युलेशन्स पहिल्याच खेपेत निघाले. नेव्हिगेशनला मात्र ६४ टक्के पडले, लागतात ७०. क्लासची प्रश्नपेढी दोनदा पूर्ण केली होती, पण पेपरात आकडे बदलून आले आणि हातच चालेना. पुन्हा क्लास लावू की घरीच करू? घरच्यांकडे आणखी पैसे मागणं जिवावर येतंय.

धावपट्टी_२७:
क्लास लावू नकोस. मीही याच पेपरात एकदा अडकलो होतो, आणि कारण तेच, प्रश्नपेढीचं पाठांतर. आता पर्याय झाकून सोडव. वन इन सिक्स्टीचंच बघ, म्हणजे ६० मैलांत १ मैल बाजूला गेलं की १ अंशाची चूक. ६० नॉटिकल मैल उडून झाले आणि तू ट्रॅकच्या, म्हणजे ठरलेल्या मार्गाच्या, ४ मैल उजवीकडे आहेस, म्हणजे ट्रॅक एरर ४ अंश. मुक्काम आणखी ६० मैलांवर असेल तर डावीकडे ८ अंश वळायचं. पहिल्या ४ अंशांनी तू ट्रॅकला फक्त समांतर होतेस, पुढच्या ४ अंशांनी मुक्कामाकडे वळतेस. हे पेन्सिलने काढून बघ, नुसतं वाचू नकोस. मग उरलेलं अंतर ३० धरून सोडव आणि उत्तर इथे लिही.

दुसरं म्हणजे व्हेरिएशन, खरी उत्तर दिशा (ट्रू) आणि होकायंत्राची उत्तर दिशा (मॅग्नेटिक) यांतला कोन. आपल्या महाराष्ट्रात ते जवळजवळ शून्य, म्हणून ट्रू आणि मॅग्नेटिकमधला फरक अंगवळणी पडत नाही. पेपरात १५ वेस्ट येतं आणि आपण मिळवायचं तिथे वजा करतो. ट्रूवरून मॅग्नेटिककडे जाताना वेस्ट मिळवायचं, ईस्ट वजा करायचं. विंड ट्रँगल (वाऱ्याने विमानाचा वेग आणि दिशा किती बदलते ते काढायची आकृती) रोज पाच तरी कर. फ्लाइट काँप्युटर (हाताने फिरवायची गणिताची चकती) फिरवण्याआधी अंदाज लिहून ठेव: वारा समोरून असेल तर ग्राउंडस्पीड (जमिनीच्या हिशेबाने वेग) टीएएसपेक्षा (हवेतल्या खऱ्या वेगापेक्षा) कमीच यायला हवा. माझ्या निम्म्या चुका या एका सवयीने गेल्या.

वाऱ्याची_दिशा:
वेळेची गणितं सोडू नकोस, हातचे गुण आहेत. १ अंश रेखांश म्हणजे ४ मिनिटं. आपली प्रमाणवेळ ८२.५ पूर्वेची, मुंबई साधारण ७३ वर. फरक साडेनऊ अंश, म्हणजे ३८ मिनिटं. पूर्वी मुंबईत चालणारा ‘बॉम्बे टाइम’ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता, तो याच हिशेबाने. मला एलएमटी (स्थानिक सरासरी वेळ) या उदाहरणाने कळलं ते कायमचं. आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नकोस.

गोंदियाकर:
मेडिकल कुठवर आलंय?

पंचगंगाकाठ:
क्लास टू मेडिकल झालं. क्लास वनची, म्हणजे सीपीएलला लागणाऱ्या वरच्या दर्जाच्या मेडिकलची, तारीख घ्यायची आहे.

गोंदियाकर:
मग आधी ती घे. क्लास वन हातात येईपर्यंत फ्लाइंगची फी भरू नकोस, कोणी कितीही घाई केली तरी. आमच्या ओळखीतल्या एका मुलाने आधी पैसे भरले आणि मेडिकल कित्येक महिने लांबलं. पेपरचा अभ्यास तोवर चालू राहू दे.

पंचगंगाकाठ:
मनापासून आभार. तारखेसाठी उद्याच अर्ज करते. आणि दादा, ३० मैलांचं सोडवलं: समांतर व्हायला ४, मुक्कामाकडे ८, एकूण १२ अंश डावीकडे. बरोबर ना?

धावपट्टी_२७:
अगदी बरोबर. आता उरलेलं अंतर ४० घे.